पडदे विभागाचं शून्य

तिच्या हातून पडदा निसटला आणि नेमका खालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पडला. शिडीवरून तिला दिसली ती फक्त एक निळी मखमली आकृती, चाचपडणारी.

"जिवंत आहात ना?"

"आहे... पण यातून बाहेर कुठून पडायचं?"

तिने उतरून त्याला सोडवलं. केस विस्कटलेले, चष्मा एका कानावर लोंबकळतोय, पण हातातली पेटी मात्र पोटाशी घट्ट. ग्राहकांच्या भावना मोजायला आलोय, म्हणाला. मनगटावरचा पट्टा नाडी आणि घाम टिपतो, डोक्यावरची टोपी मेंदूतल्या लहरी. माल बघून माणूस मनातून खूश होतो की नुसतीच मान डोलावतो, ते म्हणे लगेच कळतं.

"आम्ही पण मोजतो. पडदे, मीटरवर," ती म्हणाली. "भावना किती पन्ह्याच्या येतात?"

तो हसला आणि चष्मा पुन्हा घसरला. त्याला 'मेंदूवाला' हे नाव तिनेच ठेवलं. दुपारपर्यंत ते दुकानभर झालं होतं.

आता, मुळातली नाडी कळावी म्हणून आलेल्या प्रत्येक ग्राहकाला आधी शांत बसवून ठेवणं कसं जमणार? म्हणून मेंदूवाल्याने युक्ती काढली. दर विभागातल्या एका माणसाला रोज सकाळी पट्टा बांधायचा. त्याची नाडी म्हणजे त्या विभागाचं शून्य. ग्राहक त्याच्या वर गेला तर खूश, खाली राहिला तर थंड. पडदे विभागातून तिची निवड झाली, कारण कापडाचे सगळे तागे उलगडायला लावून 'बघून सांगतो' म्हणणाऱ्यांपुढेही तिचा आवाज कधी चढत नसे.

रोज सकाळी तो यायचा. पट्टा बांधायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा.

"घट्ट होत नाही ना?"

"काय? पट्टा, की तुमचा हात?"

त्याचे कान लाल व्हायचे. ती खिडकीबाहेर बघायची... अगदी शांत चेहऱ्याने.

महिनाअखेरीला निकाल लागला. पडदे विभागाचे ग्राहक थंड! मॅनेजरबाईंनी लगेच ठरवलं, पडदे बंद, तिथे गाद्या मांडायच्या. तिची रवानगी गोदामात आणि मागच्या खोलीत पडदे शिवणाऱ्या तिच्या आत्याची थेट घरी. आत्याने आयुष्य त्या शिलाई मशीनवर काढलं होतं. तिने कात्री पुसून ठेवली, ते बघून भाचीचं डोकं फिरलं.

"थंड? काल एक बाई पडदा गालाला लावून उभी होती! काय मोजलंत तुम्ही?"

मेंदूवाला आकड्यांत डोकं घालून बसला. उठला तेव्हा चेहरा पांढराफटक.

"ग्राहक थंड नव्हते. शून्यच चुकलं. ते फार वर लागलंय. बाकी विभागांत नाही, फक्त इथे." तो अडखळला. "मी पट्टा बांधतो ना... तेव्हा तुमची नाडी..."

ती केसांच्या मुळांपर्यंत लाल झाली. आधी लाजेने, मग रागाने.

"यंत्र बिघडलं होतं असं सांगतो," तो घाईघाईने म्हणाला. "तुमचं नावसुद्धा येणार नाही."

"खोटं कशाला? माझी धडधड आहे, चोरीचा माल नाही!"

आणि ती तडक मॅनेजरबाईंच्या खोलीत शिरली, मेंदूवाला तिच्या मागोमाग. तिथे सगळे विभागप्रमुख बसलेले होते. तिने झालेली चूक सांगितली, कारणासकट.

बाईंनी भुवया उंचावल्या. "म्हणजे यंत्राच्या मते तू याच्या प्रेमात आहेस?"

"यंत्राच्या मते छाती धडधडली, मॅडम. जिना चढूनही धडधडते. प्रेम आहे, हे मी म्हणतेय. आणि यंत्राला एवढंही कळत नसेल, तर त्याच्या भरवशावर माझ्या आत्याला घरी पाठवू नका."

मेंदूवाल्याने खाली मान घालून आत्याला बोलावलं, पट्टा बांधला. आत्याने जांभई दिली. तिचं शून्य धरून तेच आकडे पुन्हा मांडले, तर पडदे विभागाचे ग्राहक दुकानात सगळ्यांत खूश निघाले. बाईंनी निमूटपणे निर्णय मागे घेतला.

पण तो? त्याच्या तोंडून एक शब्द नाही! ती पाय आपटत जिना उतरू लागली. मागून धावत पावलं आली. त्याने स्वतःच्याच मनगटाला पट्टा बांधला होता आणि पेटीच्या काचेवरची उसळती रेघ तिच्यापुढे धरली होती.

"हे बघा ना... माझीही..."

"काढ तो!" ती कडाडली. 'तुम्ही' तिथेच संपलं. "मी चारचौघांत तोंडाने सांगितलं. तूही तोंडानेच सांग."

जिन्यावर लोक थबकले. त्याची बोबडी वळली. त्याने पट्टा काढून खिशात कोंबला.

"तू... मला आवडतेस."

"ऐकू आलं नाही."

"तू मला आवडतेस! पहिल्या दिवसापासून!"

एवढ्या जोरात, की मागच्या खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. तिने त्याचं मनगट धरलं आणि सगळ्यांच्या देखत त्याला जिन्यावरून खाली घेऊन गेली. नाडी किती पडतेय ते बघायच्या भानगडीत दोघंही पडली नाहीत.