तीन सेकंदांचा पडसाद

पाठीसाठी करायचं ते सगळं करून झालं होतं. २०७९ साली मिरजेत ओझी उचलायला यंत्रं होती, दर अर्ध्या तासाने माणसाला उठवणाऱ्या खुर्च्या होत्या. तरी घरोघरी कंबरा दुखतच होत्या. पूर्वी बायका दळणाचा डबा कमरेवर घेऊन गिरणीतून चालत यायच्या. त्यांच्याही दुखायच्या; पण निदान कारण सांगता यायचं.

छप्पन्न वर्षांच्या हेमलताला तेही सांगता येत नव्हतं. मणके ठणठणीत होते आणि सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं.

म्हणून वेदना-केंद्रातल्या डॉ. रुक्साना बागवान यांनी तिच्या आणि तिच्या आईच्या, ब्याऐंशी वर्षांच्या मथुराबाईंच्या पाठीवर दहा दिवस एकेक पातळ पट्टी चिकटवली होती. स्नायू कधी आखडतात, मेंदू धोक्याचा इशारा कधी देतो, याची नोंद ती करत असे. आता पडद्यावर दोन रेघा होत्या. आईची उसळली, की तीन सेकंदांनी लेकीची उसळत होती.

"मला समजेल असं सांगा," मथुराबाई म्हणाल्या.

"मावशी, धोका दिसला की मेंदू पाठ आवळून धरतो. आणि धोका कशात आहे, हे तो जवळच्या माणसाकडे बघून शिकतो. तुम्ही उठताना कंबर धरून 'अगं आई गं' म्हणता. इतकी वर्षं ते ऐकून हिच्या मेंदूनं ठरवलंय, उठणं म्हणजे इजा. आम्ही याला पडसाद-वेदना म्हणतो. दुखतं मात्र खरंच."

"पाढे शिकवताना घसा कोरडा पडला माझा, ते नाही आले हिला. हे बरं शिकली!"

"आई, पुरे," हेमलता थकून म्हणाली.

उपाय दोनच होते. आईनं दुखणं दिसू द्यायचं नाही. सहा आठवड्यांत रेघ उतरली नाही, तर दोघींनी वेगळं राहायचं.

"मी गप्प राहते," मथुराबाई लगेच म्हणाल्या. "मला कुठं धाडू नका."

"तुला जमायचं नाही ते."

जमलं. उठताना त्या पदराचं टोक दातांत धरायच्या. फारच झालं तर न्हाणीघरात जाऊन नळ सोडायच्या. पाचवा आठवडा सरता सरता पदरही लागेनासा झाला.

"तुझंही कमी झालं की गं!" एकदा हेमलता म्हणाली.

"झालं."

सहाव्या आठवड्यात दोघी पुन्हा पट्ट्या लावून तपासणीला आल्या, तेव्हा केंद्राच्या दारात टॅक्सीचं दार हेमलताच्या बोटावर मिटलं. मथुराबाईंनी पाहिलं. नख काळंनिळं पडलं. हेमलतानं हात ओढणीत घेतला आणि ती पायऱ्या चढू लागली.

डॉक्टर खूश होत्या. "पाठ अगदी शांत. वेगळं राहायची गरज नाही." मग त्या पडद्याकडे वाकल्या. "पण दहा मिनिटांपूर्वी इशारा टोकाला गेलाय. पाठीचा नाही हा. काय झालं, हेमाताई?"

"काही नाही."

"कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही."

मथुराबाईंनी लेकीकडे पाहिलं. ओठ मिटलेले, कपाळावर आठी नाही, नजर समोर. तो चेहरा जमवायला त्यांना स्वतःला पाच आठवडे लागले होते.