केतकीताईचं पोट का दुखतं?

पाच महिन्यांत केतकीताईचं वजन सात किलोंनी उतरलं होतं. रोज पोटात कळा, वरचेवर जुलाब, अंगात बारीक ताप. जंतांचं औषध झालं, पथ्य झालं, गुण येईना. तिच्या धाकट्या बहिणीला, नऊ वर्षांच्या जुईला मात्र वाटत होतं, की कारण फक्त आपल्यालाच माहीत आहे.

साल होतं २०४६. मिरजेच्या एका इस्पितळात ताईने शेंगदाण्याएवढा यंत्रमानव गिळला होता. तो आतड्यातून सरकत होता आणि समोरच्या पडद्यावर चित्रं उमटत होती. जुईशेजारी तिचे आजोबा, नाना बसले होते. असे यंत्रमानव बनवण्यातच त्यांची हयात गेली होती.

"हे लहान आतडं. इथे अन्नातलं सत्त्व शोषलं जातं," नाना म्हणाले.

गुलाबी आतड्यात एकाएकी लालभडक, सुजलेला पट्टा आला. त्यात जखमा. मग थोडा निरोगी भाग, पुन्हा लाल पट्टा.

जुईला हुंदका फुटला. "नाना, माझ्यामुळे झालं हे! मी ताईला आईला न सांगता तिखटमीठ लावलेल्या कैऱ्या द्यायचे."

"अगं, मीच मागायचे ना!" ताई पलंगावरून म्हणाली.

नानांनी जुईला जवळ ओढलं. "वेडाबाई, कैरीने असं होत नाही. हा क्रोन्स आजार. जंतू शिरले की आपली रोगप्रतिकारशक्ती (जंतूंशी लढणारी यंत्रणा) तिथे दाह (लाली आणि सूज) निर्माण करते. काम झालं की दाह ओसरतो. ताईच्या आतड्यात तो ओसरतच नाही. तिथल्या निरुपद्रवी जंतूंवरही ही यंत्रणा तुटून पडते आणि इजा आतड्यालाच होते. म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही."

"पण असं का होतं?"

"नेमकं अजून कळलेलं नाही. जनुकं (आईवडिलांकडून आलेले, गुणधर्म ठरवणारे घटक), पोटातले जंतू, आजूबाजूची परिस्थिती, सगळ्यांचा थोडाथोडा हात असावा. तुझा नाही."

"तिच्या ताटात जेवले तर मला होईल?"

"मुळीच नाही."

"आणि ताई बरी होईल?"

नानांनी जुईचे डोळे पुसले. "आजार कायमचा जाईल असं औषध आज नाही. शोध चालू आहे. पण दाह शांत ठेवता येतो, कधीकधी वर्षानुवर्षं."

इंजेक्शनं सुरू झाली. तीन महिन्यांत ताईच्या गालांवर रंग आला आणि ती पुन्हा खो-खोच्या मैदानावर दिसू लागली. एकदा मात्र पोट दुखलं म्हणून ती सावलीत बसून राहिली. "रोजची निमित्तं!" खेळाचे सर वैतागले.

जुई धावत गेली आणि एका दमात तिने त्यांना सगळं सांगितलं. सर ओशाळले. "मग ती खेळणार कधी?"

"खेळणार की, सर! फक्त कुठल्या दिवशी, ते तिचं पोट ठरवेल."

सावलीत बसलेली ताई खळखळून हसली.