अकराची नोंद

मंगळवारी दुपारी दोन वाजता औषधांच्या शीतगृहातल्या फ्रीझरचं दार उघडलं, तेव्हा अण्णा दाराला आतून टेकून बसलेले सापडले. आतली कडी गोठून अडकली होती. उजव्या हाताची बोटं सोललेली होती. एवढ्या थंडीत मृत्यूची वेळ सांगता येत नाही, असं म्हणून डॉक्टरांनी हात टेकले.

शुक्रवारी त्यांच्या लेकीला अहवालावर सही करायला बोलावलं. कार्यालयाची खिडकी उघडत नव्हती आणि दार कार्डाशिवाय हलत नव्हतं. कार्ड सुपरवायझरच्या गळ्यात. इस्त्रीची घडी कधी मोडत नाही म्हणून कामगार त्याला टिपटॉप म्हणत.

अहवालातलं एकच वाक्य तिच्या गळी उतरत नव्हतं. मृत कर्मचारी दुपारी एकनंतर कोणालाही न सांगता आत गेला, अपघात त्याच्याच निष्काळजीपणामुळे झाला. तीस वर्षं दारं-कड्या तपासणारा माणूस. तिने सही केली की तो कायमचा निष्काळजी ठरणार होता.

तपासणी अधिकारी बाई मायाळू होत्या, पण नोंदवहीने त्यांचे हात बांधले होते. दर तासाला फेरी मारायची, फ्रीझर उघडून आत नजर टाकायची आणि दाराशेजारच्या पडद्यावरचा आकडा तिथेच वहीत लिहायचा, असा नियम. त्या पडद्याला सगळे धूरकाटा म्हणत. ग्रीडच्या एका युनिट विजेमागे त्या घटकेला किती ग्रॅम कार्बन हवेत जातो, ते त्यावर दिसे. आकडा चढला की कंप्रेसर थांबत, उतरला की सुरू होत. तेच सॉफ्टवेअर कार्यालयातल्या संगणकावरही होतं, मागच्या दिवसांच्या आकड्यांसकट. आजचे आकडे फिके, आधीचे ठळक.

मंगळवारच्या आठ, नऊ आणि दहाच्या नोंदी अण्णांच्या होत्या. अकरा, बारा आणि एकच्या टिपटॉपच्या. तिन्ही फेऱ्यांना फ्रीझर रिकामा होता, असं तो शपथेवर सांगत होता.

“ताई, वाईट वाटून घेऊ नका,” त्याने संगणक तिच्याकडे वळवला. “पण अण्णांचं लक्ष उडालं होतं. दहाला त्यांनी लिहिलंय चारशे पाच. काटा सांगतो तीनशे एक्क्याण्णव. आठ-नऊचेही चुकलेत. आता माझे बघा. चारशे अडुसष्ट, चारशे ब्याऐंशी, चारशे पंचावन्न. ग्रॅमचा फरक नाही.”

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. हस्तलिखित आणि छापलेलं पान शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचणं हेच तिचं पोटापाण्याचं काम. तिने वही मागून घेतली. एक बोट वहीवर, एक पडद्यावर. खोलीत हवा कोंडली होती. दार जरा उघडता का, असं तिने विचारलं. सही झाली की लगेच, असं उत्तर आलं.

तिने आणखी दहा पानं उलटली.

“सोमवार दुपारच्या नोंदी तुमच्याच ना?”

“माझ्याच.”

“त्या जुळत नाहीत.”

तो हसला. “गडबडीत होतं. माणूस आहे मी, काटा नाही.”

“शनिवारच्याही नाहीत. महिन्याभरातली एकही नाही, तुमची नाही आणि अण्णांचीही नाही. अख्ख्या वहीत तीनच नोंदी जुळतात.”

टिपटॉपचा हात गळ्यातल्या कार्डावर गेला.

ती बाईंकडे वळली. “मॅडम, पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय. फिका आकडा अंदाजाचा. खरं मोजमाप आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तो बदलतो आणि ठळक होतो. त्या तासाला दाराशी उभं राहून लिहिणाऱ्याचा आकडा थोडा चुकणारच. अण्णांचा चुकला, कारण ते तिथे होते. यांचे तीन आकडे मंगळवारी जन्मलेच नव्हते.”

“वही माझ्या ताब्यात आली बुधवारी संध्याकाळी,” बाई सावकाश म्हणाल्या.

“म्हणजे यांनी बुधवारी या खुर्चीत बसून त्या लिहिल्या. फेऱ्या झाल्याच नाहीत. मंगळवारी अकरा ते एक आकडा चढलेला होता, कंप्रेसर बंद होते. पॅसेजमध्ये चिडीचूप. बोटं सोलवटेपर्यंत दार ठोकत होते ते. एकदा जरी कोणी तिकडे फिरकलं असतं, तरी ऐकू आलं असतं.”

मग टिपटॉप हळूहळू बोलता झाला. सव्वादहाला अण्णा त्याला सांगून गेले होते. आतला बर्फ खरवडायचाय, कडी अडकते, अकराला दार तेवढं उघडून बघा.

बाईंनी अहवालातलं ते वाक्य आडवी रेघ मारून खोडलं. पेन तसंच धरून त्यांनी विचारलं, “मग अकराला होतात कुठे?”

“इथेच.” त्याची मान खाली गेली. “त्या पॅसेजमध्ये फार गारठा असतो, मॅडम.”