चेनवरचा उलटा मासा

चेन उतरली ती नेमकी चढावर, सकाळी, सगळं शहर कामाला निघालेलं असताना. मोटरसायकल बाबांची, वयाने माझ्याहून दोन वर्षं मोठी. मी ती ढकलत कडेला घेतली, मान वर केली, तर समोरच गॅरेज. दारात तो उभा होता. हातात कापडाचा बोळा, आणि नजर माझ्याकडे नाही… चेनकडे.

"पुसता कधी हिला?"

"महिन्यातून एकदा."

"वर्षातून म्हणायचंय का?"

खरं तर राग यायला हवा होता. हसूच आलं.

तो उकिडवा बसला. मागच्या दातेरी चक्रावरची चेन चिमटीत धरून त्याने ओढली, तर ती दातांपासून चांगली अर्धं बोट सुटून आली. "एवढी यायला नको. आणि दात बघा." दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झाले होते.

"मग चेन बदलू या."

"नुसती चेन नाही. पुढचं चक्र, मागचं चक्र आणि चेन, तिन्ही एकदम. झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली, तर तीही लवकर झिजते."

"संगतीचा परिणाम!" आतून आवाज आला. ती त्याची आत्या. गॅरेज तिचं, सुट्या भागांचं काउंटरही तिचंच. "आमचा मौनीबाबा एका दमात एवढं बोलला? पोरी, तू रोज येत जा गं!"

त्याचे कान लाल झाले. मी ते टिपून ठेवलं. भौतिकशास्त्र शिकल्यापासून ही सवयच लागली आहे.

गाडी तिथेच ठेवून मी चालत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, एक कागद घेऊन हजर झाले.

"मागच्या चक्राला बेचाळीस दात आहेत. एकोणचाळीसचं घातलं, तर त्याच वेगाला इंजिन सात टक्के कमी फिरेल. पेट्रोल वाचेल."

त्याने कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. माझा कागद इतका मन लावून कॉलेजातल्या सरांनीही कधी वाचला नव्हता.

"गणित बरोबर आहे," तो म्हणाला. "पण जायचंय कुठे?"

"डोंगरावरच्या वेधशाळेत. नोकरी लागलीय. रविवारी निघायचंय."

"रविवारी…" त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "म्हणजे परवा."

"हो."

"तिकडे घाट आहे. ओढही सात टक्क्यांनी कमी होईल ना? सामान बांधून चढताना गाडी रडेल."

घाट! मी सगळं हिशेबात धरलं होतं, फक्त रस्ता सोडून.

"बेचाळीसच घाला," मी माघार घेत म्हटलं. त्याने माझा कागद मात्र परत दिला नाही.

शनिवारी दुपारी तो चेन बसवत होता आणि मी शेजारी स्टुलावर बसून होते. शेवटी त्याने तळहातावर एक इवलीशी क्लिप ठेवून दाखवली. चेनची दोन टोकं जोडणारी कडी हिच्यामुळे जागेवर राहते.

"माशासारखी दिसते," मी म्हटलं.

"तसंच लक्षात ठेवा. चेन धावते तिकडे माशाचं तोंड. फटीचं शेपूट मागे. उलटी बसली तर कशाला तरी अडकून सुटू शकते."

"तुमच्याकडून कधी बसलीय उलटी?"

"नऊ वर्षांत नाही." त्याने पक्कड उचलली. मग, माझ्याकडे न बघता, "परत कधी येणार?"

"माहीत नाही… सुट्टी मिळेल तेव्हा."

टक. क्लिप बसली. तो बराच वेळ हात पुसत राहिला. माझ्याकडेही एक वाक्य तयार होतं, रात्रभर घोकलेलं… आणि मी बिलाचे पैसे मोजले.

"नीट जा," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. झालं. दोघांचंही शहाणपण तिथेच संपलं.

घरी आई म्हणाली, "अजून सांगते, बसने जा." तिची समजूत काढायला मी चाक फिरवून चेन दाखवू लागले… आणि थांबले. माशाचं तोंड मागे होतं.

वीस सेकंदांचं काम. बाबांची पक्कड समोरच पडली होती. मी ती उचलली, क्षणभर हातात धरली आणि परत ठेवून दिली.

"अगं, गाडी चालू आहे ना? मग ढकलतेस कशाला?" बाबा मागून ओरडले.

गॅरेजपर्यंत पोचेतो मला घाम फुटला होता. ऊन उतरत होतं. तो शटर ओढायच्या बेतात होता.

"मासा उलटा पोहतोय," मी म्हटलं.

त्याने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने क्लिप काढली, सरळ बसवली, तीनदा बोट फिरवून खात्री केली. "घाटात सुटली असती तर…"

"नऊ वर्षांत पहिल्यांदा!" आत्या काउंटरवरून म्हणाली. "डोळे कुठे होते रे तुझे?"

त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. आत्याला एकदम आतल्या नटबोल्टांची आठवण झाली.

"घरी पक्कड नव्हती?" त्याने हळूच विचारलं.

"आहे की."

"मग?"

"मी बसवली असती, तर तुम्हाला कळलंच नसतं… की तुम्ही चुकलात. आणि चुकलात, याचं मला बरं वाटलं."

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्ही 'माहीत नाही' म्हणालात ना, तेव्हा हात माझा राहिला नाही."

रस्त्यावरून दोन-चार गाड्या गेल्या. मला त्यांचे आवाज नीटसे ऐकू आले नाहीत.

"नवी चेन पहिल्या पाचशे किलोमीटरला ढिली पडते," तो म्हणाला. "ताणून घ्यावी लागते."

"तिकडेही गॅरेज असेल."

"असेल. पण माझं काम दुसऱ्या कुणी तपासलेलं मला आवडत नाही."

"मी तपासलं की आज."

"तुम्ही दुसऱ्या नाही."

मी हँडलची मूठ उगीच घट्ट धरली.

"वेधशाळा इथून दोनशे अठ्ठेचाळीस किलोमीटर आहे," तो म्हणाला. "काल नकाशावर मोजलं."

काल! म्हणजे मी कागद घेऊन आले, त्याच दिवशी.

मी मनात दुप्पट केलं. "जाऊन येऊन चारशे शहाण्णव. चार किलोमीटर कमी पडतात."

तो पहिल्यांदाच मोकळा हसला. शटर अर्ध्यावर ओढून त्याने हात पुसले, आणि गाडीला लावलेली किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"तेवढे चार आजच घालू. मी मागे बसतो… न्या कुठेही."