खुंट्यांना फुटलेला पळस

"बाई, माहा रस्ता तुमच्या भिंतीवर चिकटला हाये."

कमलिनीनं वळून पाहिलं. बालवाडीच्या दारात एक उंच तरुण उभा होता. मुरुमाच्या धुळीनं तो केसांपासून चपलांपर्यंत तांबडा झालेला, आणि खांद्यावर मोजणीची साखळी. आवाज मात्र इतका अदबीचा, जणू प्यायला पाणीच मागतोय.

"रस्ता?"

त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीवर सतरा लाल झेंड्या ओळीनं चिकटवलेल्या होत्या, आणि वर खडूनं लिहिलं होतं : वसंत आला.

साठ सालचा फाल्गुन होता तो. भिलाईत तेव्हा कारखाना होता, भट्टी होती, भोंगा होता. गाव मात्र अजून यायचं होतं. मजुरांच्या कॅम्प-एकमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये कमलिनी तेवीस पोरांची बालवाडी चालवायची. पोरं पाच भाषांतली. सगळ्यांना मिळून एकच भाषा नीट यायची, ती रडण्याची. आदल्या दिवशी कमलिनीनं त्यांना सांगितलं होतं, "उद्या येताना एकेक फूल आणा, त्याच्यासारखं कागदाचं फूल करून भिंतीवर लावू." नागपूरच्या ट्रेनिंगमध्ये हा धडा फार छान झाला होता. फक्त नागपुरात फुलं होती. इथं बुलडोझर होते.

पोरांनी तरीही शोधलं. शेडमागच्या उघड्या माळावर त्यांना एका सरळ रेघेत, पन्नास-पन्नास फुटांवर, काडीवर डोलणारं काहीतरी लाल दिसलं. चार वर्षांची शेवंता म्हणाली, हेच फूल. शेवंता म्हणाली की ठरलं.

"सर्व्हेच्या खुंट्या होत्या त्या," तो म्हणाला. "लाल कापड संपलं म्हून पतंगीच्या कागदाच्या झेंड्या लावल्या मी. खुंट्या कुठी हायेत?"

"पंधरा कोपऱ्यात आहेत."

"सतरा होत्या."

"दोन दुधाखाली जळल्या..." कमलिनी जरा थांबली. "दूध छान तापलं."

तो हसला नाही. ओठ घट्ट मिटून भिंतीकडे पाहत राहिला, पण त्याचे कान हसून राहिले होते. कमलिनीनं नंतर पुष्कळदा शपथेवर सांगितलं, मी आधी कानच पाहिले.

त्याचं नाव बळीराम. तुमसरकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, सर्व्हे पार्टीत साखळी ओढायचा. झेंड्या सोडवायला गेला तर खळ वाळलेली. झेंड्यांचे तुकडे हातात आले. शेवंतानं लगेच भोकाड पसरलं, मागोमाग बावीस जणांनी.

"रडू नोका बाप्पा!" बळीराम घाबरून खाली बसला. पिशवीतून त्यानं लाल-केशरी कागद काढला, कात्री घेतली. "हे पाहा. याले पळस म्हंतेत. पाकळी पोपटाच्या चोचीवानी वाकडी. देठ काळा... कोळसा हाये का, बाई?"

कोळसा होता. अर्ध्या तासात भिंतीवर पहिला पळस फुलला. पोरांनी निम्मी खळ कागदाला लावली, निम्मी खाल्ली. बळीरामच्या मिशीलाही थोडी लागली. ते त्याला कोणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण कमलिनीला ते पाहायला बरं वाटत होतं.

"उद्या दुसऱ्या झेंड्या लागतीन मले," जाताना तो म्हणाला. "पोट्टे करून देतीन का?"

"झेंड्या नाही जमायच्या. त्यांना आता फक्त पळस येतो."

"चालते. रस्त्याले काय समजते?"

मग रोज दहा वाजता बळीराम यायचा. तक्रार घेऊन यायचा.

"बाई, रात्रीतून एक खुंटी गेली."

"माझ्या मुलांनी नाही हो नेली."

"मी कुठी म्हनलं? मी निस्तं सांगून राहिलो." आणि मांडी घालून बसायचा, कात्री घ्यायचा. पोरांच्या चटईवर त्याचे गुडघे कानांपर्यंत यायचे. पाकळीचा कागद तिच्या हातातून त्याच्या हातात जाताना बोटाला बोट लागायचं... आणि दोघंही एकदम पोरांना ओरडायचे, "अरे, खळ खाऊ नका!"

एके दिवशी तो सहज बोलून गेला, "बेचाळीस खुंट्यांची रेघ पुरी झाली का आमची पार्टी राजहऱ्याले जाते. खदानीवर. वर्षभर तरी."

कमलिनीच्या हातातली पाकळी उलटी चिकटली.

दुसऱ्या दिवशी भिलाई-तीनच्या रेल्वे क्वार्टरातून येताना ती माळावरून आली. पॉइंट्समन गुलाबरावांची मुलगी, आयुष्यात कधी बिनतिकीट बसली नव्हती. तिनं आजूबाजूला पाहिलं, खुंटी उपटली आणि छत्रीत लपवली.

दहा वाजता बळीराम आला. "बाई, दोन गेल्या."

दोन? तिनं तर एकच... कमलिनीला संताप आला. लोकांना लाजलज्जा काही आहे की नाही!

असं आठ दिवस चाललं. ती रोज एक उपटायची, आणि गायब रोज दोन व्हायच्या. तो दिवसभर नव्या ठोकायचा. रेघ काही पुरी होईना. नवव्या दिवशी ओव्हरसिअर बाबुलाल बालवाडीच्या दारातच बळीरामवर ओरडले, "कल सबेरे आठ बजे नापूँगा. बयालीस खूँटी नहीं मिली, तो राजहरा नहीं, सीधे घर जाएगा तू!"

बळीराम त्या दिवशी चटईवर बसला नाही. कात्रीलाही हात लावला नाही.

म्हणजे आता खुंटी उपटली तर त्याची नोकरी जाते, आणि नाही उपटली तर तोच जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कमलिनी छत्रीतल्या आठही खुंट्या घेऊन माळावर गेली. परत लावून यायच्या, एवढंच ठरवलं होतं. धुकं होतं. धुक्यात कोणीतरी वाकलेलं होतं, काखेत खुंट्यांचा भारा.

"चोर!" ती ओरडली. "तूच होय रे मेल्या!"

चोर उभा राहिला. फार उंच होता.

"...तुमी?"

"बाई, तुमच्या छत्रीतून काय दिसून राहिलं ते?"

छत्रीतून खुंटीचं टोक डोकावत होतं. कमलिनीनं छत्री मागे घेतली. एक खुंटी खाली पडली. मग दुसरी. मग सगळ्याच.

"तुमी कावून उपटत होते?" तिचं ट्रेनिंगचं मराठी कुठल्या कुठे गेलं.

"आधी तुमी सांगा."

"मले... सरपन लागत होतं."

"आठ खुंट्याचं?" तो जवळ आला. कान लाल झाले होते, पळसासारखे. "माह्याजवळ सरपन नाही, बाई. मले फक्त रेघ पुरी होऊ द्याची नव्हती. रेघ पुरी झाली तर... दहा वाजता कुठी जाऊ मी?"

कमलिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "मंग माहं बी तेच सरपन," ती म्हणाली.

पण आठ वाजायचे थांबत नव्हते. कॅम्पातून पोरं गोळा केली. झेंड्या नव्हत्या, म्हणून प्रत्येक खुंटीला एकेक पळस बांधला. दोरी धरून रेघ आखली. दोरीचं एक टोक बळीरामच्या हातात होतं, दुसरं शेवंताच्या. आणि शेवंताला शेळी दिसली.

आठला बाबुलाल आले. माळभर बेचाळीस पळस फुललेले, एकाआड एका पळसापाशी एक पोर उभं, आणि सरळ निघालेला रस्ता मध्येच डावीकडे वळून शेळीमागे गेलेला.

"बलीराम... ये सड़क है कि बारात?"

ते वाकडी खुंटी उपटायला वाकले. शेवंतानं श्वास घेतला. तेवीस पोरांनी त्यांना येणारी ती एक भाषा एकदम सुरू केली. बाबुलालांनी कानांवर हात ठेवले, मोजून बेचाळीस भरल्याची खात्री केली, आणि नकाशा काढून पेन्सिलीनं त्या जागी एक वळण काढलं. पोरांपेक्षा नकाशा सोपा होता.

शनिवारी बळीराम राजहऱ्याला गेला. खिशात एक कागदी पळस होता, पाकळी उलटी चिकटलेला. वर्षभर दर महिन्याला एक पाकीट यायचं. आत पत्र नसे, नुसता लाल कागद, पोरांसाठी. कमलिनी तो कापण्याआधी फार वेळ वास घेत बसायची.

पुढच्या फाल्गुनात तो वडिलांना घेऊन गुलाबरावांच्या क्वार्टरात आला. गुलाबरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"रेघ सरळ मारता येते का तुले?"

"एक सोडून साऱ्या सरळ हायेत, मामाजी."

"ती एक?"

"ती तुमच्या पोरीनं अन् मी मिळून मारली."

आतल्या खोलीत पितळी पेला पडल्याचा आवाज आला. गुलाबराव म्हणाले, "चहा येते."

तो रस्ता झाला, त्यावर डांबर पडलं, दोन्हीकडे घरं आली. सरळ रस्ता तिथं एकाएकी का वळतो, हे नव्या इंजिनीअरांना कधी कळलं नाही. बळीरामच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून कमलिनी तिथून शेकडो वेळा गेली. रस्ताभर ती सीटची दांडी धरायची. वळण आलं की त्याचा शर्ट धरायची.

"आता गेलं वळन," तो म्हणायचा.

"हो का?" ती म्हणायची, आणि घर येईपर्यंत सोडायची नाही.