पडद्यावरचा तिसरा हात

दुपारची जेवणं आटोपून ती तपासणीला निघाली, तेव्हा सोबत मोठी जाऊ होती. जाऊबाईंचं तोंड म्हणजे वाहता नळ. बाळाच्या नाकापासून त्याच्या खोड्यांपर्यंत सगळं त्यांनी बसमध्येच ठरवून टाकलं. ती हसत होती. पण सकाळपासून पोटात साधी चुळबुळही नव्हती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या खेपेलाही आधी असंच सगळं गप्प झालं होतं.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार केलेला. स्पिरिटचा वास, यंत्राची बारीक घरघर. डॉक्टरीणबाईंनी पोटावर गार जेल लावलं.

"ठोके आहेत... पण मंद आहेत. नाळेचे मानेभोवती दोन वेढे पडलेत."

जाऊबाई पहिल्यांदाच गप्प झाल्या.

करड्या पडद्यावर बाळाच्या दोन इवल्या मुठी दिसत होत्या. त्यांच्या मागून हळूच एक हात आला. हाडकुळा, सुजलेल्या पेरांचा, म्हाताऱ्या माणसाचा. त्या हाताने दोन बोटांत नाळ धरली. मुलाचा मफलर सोडवावा तसा एक वेढा काढला... मग दुसरा. आणि बाळाला थोपटलं. ते थोपटणं तिला आत जाणवलं.

दुसऱ्याच क्षणी बाळाने अशी लाथ हाणली की ती ओरडलीच. खोलीभर ठोके धावू लागले. ती एकाच वेळी हसत होती नि रडत होती.

"तो हात..." ती पुटपुटली.

"तुम्हालाही दिसला?" डॉक्टरीणबाईंनी घाम पुसला. "आता रिपोर्टात काय लिहू मी?"

"लिहा, घरचं माणूस सोबतीला होतं!" जाऊबाईंना कंठ फुटला. तिघीही खो खो हसल्या.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "जाऊबाई, असा हात आपल्यात कुणाचा होता हो?"

"कुणाचाच नाही गं," जाऊबाई हळूच म्हणाल्या.

बाळंतपण सुखरूप झालं. बाळ पुसता पुसता नर्स थबकली. ओल्या जावळाची, दोऱ्याएवढी बारीक वेणी घातलेली होती. तीन पेडांची, शेवटाला गाठ मारलेली.

"नटूनथटून आलंय हो!" म्हणत जाऊबाईंनी ती अलगद सोडवली आणि बाळाला टोपी घातली.

सकाळी टोपी काढली, तर वेणी पुन्हा घातलेली होती. या खेपेला दोन होत्या.