काचेला चिकटलेली माय

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच दुकानात घडली, आणि अजून संपलेली नाही. बाकीच्यांची नावं बदलली आहेत. माझं तेवढं खरं ठेवलं, कारण ते लपवायचा मला हक्क नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे.

ही भर दुपारची आहे.

ठिकाण अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलडाणा. २०२४ चा उन्हाळा. आमच्याकडचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना वेगळं सांगायला नको. दुपारी बाजारगल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. माणसं कुलरसमोर आडवी पडलेली असतात.

मी राजकुमार. बाजारगल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स. कॉम्प्युटरवर पुढाऱ्याच्या टकलावर केस उगवून देणारा म्हणून माझं नाव आहे. त्याचा मला गर्वही होता.

माझं दुकान ज्या कॉम्प्लेक्समध्ये आहे, तिथं पूर्वी धर्मशाळा होती. मी शाळेत असताना ती पाडली.

त्या वर्षी भगवानराव गुरुजींच्या डोक्यात आलं की गावातले जुने फोटो गोळा करायचे आणि एक मे रोजी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं. गुरुजी रिटायर झालेले, पण गाव त्यांचं ऐकतं. लोकांनी भिंतीवरच्या फ्रेमा उतरवून माझ्याकडे आणून दिल्या. बैलबाजार, कापसाच्या गाड्यांची रांग, निंबाखाली हजामत करणारा न्हावी, कुणाच्या तरी लग्नातला बँडबाजा. मी ते स्कॅन करायचो, डाग काढायचो, मोठे छापायचो.

धर्मशाळेचा फोटो मात्र गावात एकाच घरी होता.

जनकाबाईकडे.

ऐंशीच्या घरातली म्हातारी. पोटचं कोणी नाही. पुतण्या आणि त्याची बायको वंदना यांच्याजवळ राहायची. मी स्वतः फोटो आणायला गेलो. फोटोत दगडी कमान होती, पायऱ्या होत्या. उजव्या कोपऱ्यात, खाली, काचेवर कुंकवाचा जाड लाल थर होता. त्याच्याआड काय आहे ते दिसतच नव्हतं.

"तिथं माही माय हाय," जनकाबाई म्हणाली. "धर्मशाळेच्या पायरीवर पानपोई चालवे. गडव्यानं पानी पाजून राह्यली हाय वाटसराले. मी लहान होती तवाच गेली ते. तिचं तोंड मले दुसरं कोठीच नाही दिसत. डोये मिटले तरी नाही दिसत."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतात. गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरायची, पुजायची, नैवेद्य दाखवायचा. उन्हाळ्यात पितरांचा घसा कोरडा पडू नये म्हणून. जनकाबाई दर आखाजीला मायच्या नावानं घागर भरायची. समोर हा फोटो ठेवायची, पाणी शिंपडायची आणि ओल्या कुंकवाचं बोट काचेवर टेकवायची. नेमकं मायवर. आयुष्यभर.

वंदना हसून म्हणाली, "भाऊ, मले तं तिथं कुंकूच दिसते. बाई बिई कधी नाही दिसली."

"तुले नाही दिसत. मले दिसते," म्हातारी म्हणाली. मग माझा हात धरला. "जपून ने बापू. माहा जीव हाय त्यात."

"आजी, काईच काळजी करू नका."

असं मी बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रेम उघडली. खिळे काढले, मागचा पुठ्ठा काढला. फोटो निघेना. काचेला चिकटला होता.

चिकटलेला जुना फोटो ओढायचा नसतो, हे मला चांगलं माहीत होतं. काचेवरचं कुंकू पुसून काचेसकट स्कॅन करायचा. पण भूक लागली होती, घरून दोनदा फोन आला होता. आणि एवढे फोटो केले, हा काय मोठा, असंही वाटलं.

मी ओढला.

चर्रर्र...

अख्खा फोटो निघाला. उजवा कोपरा सोडून. तिथला चित्राचा पातळ थर कागदावरून सुटून काचेवरच राहिला. इतक्या वर्षांचं शिंपडलेलं पाणी कडेतून आत झिरपलं होतं, आणि त्यानंच तो कोपरा काचेला धरून ठेवला होता.

मी काच उजेडात धरली, आतल्या बाजूनं...

बाई होती.

डोक्यावर पदर. शेजारी रांजण. हात उंच, हातात गडवा. खाली कुणाची तरी ओंजळ. मुगाएवढं तोंड, पण स्पष्ट. नाक, कपाळ, सगळं. ती गडव्याकडे बघत नव्हती. सरळ समोर बघत होती.

तशीच काच ठेवून दिली असती तरी चाललं असतं. तसाच स्कॅन निघाला असता. पण मला ती सोडवायची घाई झाली. कापूस ओला केला आणि कडेनं हळूहळू फिरवला.

पाणी लागलं, आणि ती विरघळली.

डोळ्यांदेखत. आधी हात, मग तोंड. कापसावर काळपट चिखल आला. कागदावर उरला नुसता पांढरा डाग.

मग माझ्यातला टकलावर केस लावणारा जागा झाला. कॉम्प्युटरवर बाजूचे दगड उचलले आणि त्या पांढऱ्या डागावर भिंत चढवली. मस्त जमली. कोणाला शंका येणार नाही अशी. मोठा प्रिंट काढला, दुसरा लहान करून जुन्या फ्रेममध्ये नवीन काचेखाली बसवला. फाटका फोटो ड्रॉवरमध्ये खाली सरकवला. काच फोडून टाकली.

एक मे रोजी हॉल भरला होता. धर्मशाळेच्या फोटोपुढे सगळ्यात जास्त गर्दी. गुरुजींनी माईकवर माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या.

मग वंदनाचा हात धरून जनकाबाई आली. नाक लागेल इतकी फोटोजवळ गेली. उजव्या कोपऱ्यात बोट फिरवलं. परत फिरवलं.

"राजू, माय कोठी गेली?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. गुरुजीसुद्धा.

तेव्हा मी म्हणालो, "आजी, तिथं कोनी नव्हतंच. काचेवर कुंकवाचा डाग होता, तो पुसला. तुमाले तोच मानूस वाटे."

वंदनानं मान हलवली. "मी तं आधीपासून सांगून राह्यली होती, काकी."

जनकाबाई भांडली नाही. रडली नाही. ती भिंतीकडे बघत राहिली, मी चढवलेल्या भिंतीकडे. मग सावकाश म्हणाली,

"मंग इतकी वर्सं म्या घागर कोनाची भरली?"

 

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात होतो. लाईट गेली. कुलर थांबला. इतकी शांतता झाली की स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

आणि बाहेर...

पाण्याची धार पडत होती. उंचावरून, हातात पडावी तशी.

तेवढ्यात एक शेतकरी आत आला, पासपोर्ट फोटो काढायला. मिशा ओल्या होत्या, सदऱ्यावर पाण्याचे थेंब होते.

"हे बेस केलं भाऊ तुम्ही," तो म्हणाला. "पानपोई लावली. मावशीच्या हातचं पानी भलतं थंड."

"कोणती मावशी?"

"अरे, हे काय, तुमच्या पायरीवर."

मी बाहेर आलो. पायरी रिकामी. ऊन नुसतं पांढरं पडलेलं. पायरीवर एक ओला डाग होता, माझ्यासमोर तो आकसत गेला आणि वाळला.

आत येऊन माठातून पाणी घ्यायला गेलो. सकाळी काठोकाठ भरलेला माठ रिकामा होता. आत हात घातला...

कोरडा ठणठणीत.

त्या दिवसापासून रोज दुपारी तेच. लाईट जायची, धार ऐकू यायची, आणि कोणी ना कोणी तोंड पुसत आत यायचं. शाळेची पोरगी आली, एसटीचा कंडक्टर आला. प्रत्येकजण पाणी पिऊन तृप्त. मी प्रत्येकाला विचारलं, बाई दिसायला कशी होती?

पोरगी म्हणाली, "तोंड नाही दिसलं काका. तोंडावर लय ऊन होतं. पांढरंच दिसे."

ड्रॉवर मी उघडला नाही. उघडायची गरज नव्हती.

एके दिवशी मी दुपारभर पायरीवरच बसलो. टाळू तापली, जीभ टाळ्याला चिकटली. मला कोणी दिसलं नाही. कोणी पाणी विचारलं नाही. ती माझ्याच दुकानासमोर गावाला पाणी पाजत होती, आणि मीच तेवढा तहानेला होतो.

मी ठरवलं, आखाजीच्या दिवशी जाऊन खरं सांगायचं. पाय धरायचे. "आजी, तुमची माय होती. मी तिला पाहिलं. मीच पुसली." एवढंच तर बोलायचं होतं.

गेलो. ओसरीवर घागरी मांडल्या होत्या, सासऱ्यांची, नवऱ्याची. पुरणाचा वास सुटला होता. आणि कोपऱ्यात एक घागर पालथी ठेवलेली.

मी तिकडे पाहतोय हे जनकाबाईनं पाहिलं.

"औंदा नाही भरली ते," ती म्हणाली. "तूच म्हनला ना बापू, कोनी नव्हतं. तू शिकेल मानूस हायेस. म्या अडानी, डागाले माय म्हनत राह्यली."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात पुतण्या आला, दोन पाहुणे आले. पाहुण्यांना तो कौतुकानं सांगू लागला, हेच ते फोटोवाले. वंदनानं माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

मला तो उचलता आला नाही. बोलताही आलं नाही. "येतो आजी," म्हणालो आणि उठलो. चार माणसांत लाज जाईल म्हणून मी एका म्हातारीची माय दुसऱ्यांदा मारली.

त्या हिवाळ्यात जनकाबाई गेली.

वंदना तिचा फोटो मोठा करून घ्यायला आली होती. जनकाबाईचाही एकच फोटो होता, मतदान कार्डावरचा. बोलता बोलता वंदना म्हणाली, "शेवटी शेवटी पानी घेतच नव्हती भाऊ. मले म्हने, तोंड आठवत नाही, तं कोनाच्या हातचं पिऊ?"

मी स्क्रीनवर फोटो मोठा करत राहिलो.

पुढचा उन्हाळा आला. आखाजीचा दिवस. सकाळी मी दुकानाच्या पायरीवर एक नवी घागर ठेवली. भरली. कुंकू लावलं. जनकाबाईची घागर वंदना भरणार हे माहीत होतं. जनकाबाईच्या मायची घागर भरणारं आता कोणी उरलं नव्हतं.

दुपारी लाईट गेली.

कुलर थांबला...

धार ऐकू आली.

आत आला तो माझा मित्र गजेंद्र. बॅनर न्यायला आला होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. रुमालानं तोंड पुसत म्हणाला, "काऊन बे राजू, पानपोईवर दोन बाया कायले बसवल्या?"

"दोन?"

"हाव. एक पानी देते. दुसरी काईच नाही करत. बुढी हाय. तिच्या बाजूले बसून नुसती तिच्या तोंडाकडं पाहून राह्यली."

"गजू..." मी बॅनर खाली ठेवला. "त्या पानी देनारीचं तोंड दिसलं तुले?"

"दिसलं ना. काऊन नाही दिसन? त्या बुढीसारखंच हाय. तरणी हाय, पन नाक-डोये तेच. मायलेकी असतीन." तो जरा थांबला. "पन बुढीच लेकरावानी पाहे त्या तरणीकडं. उलटं झालं ना बे?"

मी धावत बाहेर आलो.

पायरी रिकामी. घागर जागेवर होती. आत पाहिलं... तळापर्यंत कोरडी. माझं कुंकू मात्र ओलंच होतं.

मी तिथंच गुडघ्यावर बसलो. गल्लीत कोणी नव्हतं. जे वर्षभर पोटात ठेवलं होतं ते मोठ्यानं बोललो. "जनकाआजी, तुमची माय होती फोटोत. म्या पाह्यली. म्याच पुसली तिले." आणि ओंजळ पुढे केली.

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग अगदी समोर, हाताच्या वर, धार सुरू झाली. स्पष्ट. ओंजळीत पाणी पडतं तेव्हा जसा आवाज येतो तसाच आवाज माझ्या ओंजळीतून येत होता.

मी खाली पाहिलं.

हात कोरडे होते.

दुकान मी बदललेलं नाही. कॉम्प्युटरवरचं डाग काढायचं काम सोडलं. फाटका फोटो आता फ्रेममध्ये आहे, पांढऱ्या डागासकट, काउंटरमागे. लोक विचारतात, कोपऱ्यात काय होतं? मी सांगतो. सगळं सांगतो, प्रत्येकाला. गुरुजींना सांगितलं, वंदनालाही सांगितलं. जिनं ऐकायला पाहिजे होतं ती सोडून सगळ्यांना.

रोज सकाळी माठ भरतो. दुपारपर्यंत तो रिकामा होतो. लोक अजूनही तोंड पुसत आत येतात आणि पाण्याचं कौतुक करतात.

मला अजून कोणी थेंबभर पाजलेलं नाही.